से की टेल, सी की वॉच, डू की मेक: इंग्रजीतलं नेमकं क्रियापद कसं निवडायचं

इंग्रजी लिहिताना आपण अडतो ते अवघड शब्दांवर फारसं नाहीच. शब्दसंग्रह बरा असतो, टेन्सही येतात, तरी मेल लिहिताना हात थांबतो, कारण मनात साधं "सांगितलं" असतं आणि त्यासाठी से, टेल, स्पीक, टॉक, आस्क, इन्फॉर्म असे सगळे एकदम आठवतात. डिक्शनरीत बघावं तर सगळ्यांचे अर्थ जवळपास सारखेच. मग जो आधी सुचेल तो टाकला जातो आणि 'ही सेड मी' असं काहीतरी लिहून होतं.

मी मराठी-इंग्रजी भाषांतराचं काम करते आणि माझं ठाम मत आहे की नुसता अर्थ बघून हा प्रश्न सुटत नाही. या क्रियापदांत अर्थाचा फरक थोडा असतो, खरा फरक असतो त्यांच्या शेजारी कोण येतं यात. पुढे माणूस येतो का, नाम कुठलं येतं, टू किंवा ॲट लागतं का, काम कोणी मुद्दाम केलं की आपोआप झालं, आणि समोर मित्र आहे की साहेब. एवढं क्रमाने तपासलं की निवड बहुतेक वेळा आपोआप होते. शिवाय यातले बरेच फरक आपल्या मराठीत आधीपासून आहेत, बोलताना आपण ते रोज अचूक पाळतो, फक्त इंग्रजीकडे वळलो की विसरतो. म्हणून सुरुवात मराठीपासूनच.

पायरी १: मनातलं वाक्य "मी"चं आहे की "मला"चं?

"मला मोर दिसला" आणि "मी मोराकडे बघितलं" यात काय फरक आहे हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. दिसणं आपोआप होतं, बघणं आपण करतो. इंग्रजीत दिसण्यासाठी सी, नजर वळवून बघण्यासाठी लुक ॲट. 'आय सॉ अ पीकॉक', 'आय लुक्ट ॲट द पीकॉक'. तिसरं वॉच, म्हणजे जे हलतंय, घडतंय, बदलतंय ते काही वेळ बघत राहणं. मॅच, टीव्ही, खेळणारं पोर हे सगळं वॉच. गॅसवर दूध ठेवून "लक्ष ठेव गं" म्हणतो तेही 'वॉच द मिल्क', कारण ते वर येणार आहे. फोटो, नकाशा, भिंत मात्र लुक ॲट, त्यांच्यात काही घडत नाही. सिनेमाला सी आणि वॉच दोन्ही चालतात, थिएटरमध्ये जाऊन बघितला तर सी जास्त ऐकू येतं, घरी टीव्हीवर किंवा मोबाइलवर असेल तर वॉच. डॉक्टरांना दाखवायला जातो ते 'सी अ डॉक्टर'.

इथे एक गोष्ट ऑनलाइन मीटिंगमुळे रोज कानावर येते. "स्क्रीन दिसतेय का?" याचं 'आर यू सीइंग माय स्क्रीन?' आणि "आवाज येतोय का?" याचं 'आर यू हिअरिंग मी?' केलं जातं. मराठीत "दिसतंय", "येतंय" असं चालू काळाचं रूप असतं म्हणून आयएनजी लावावंसं वाटतं, पण आपोआप होणाऱ्या गोष्टींना इंग्रजीत सहसा आयएनजी लागत नाही, तिथे कॅन येतं. 'कॅन यू सी माय स्क्रीन?' 'कॅन यू हिअर मी?' आणि 'आय ॲम सीइंग समवन' याचा अर्थ तर भलताच, माझं कुणाशीतरी जुळलंय असा.

ऐकण्याचंही असंच. मला ऐकू आलं म्हणजे हिअर, मी कान देऊन ऐकलं म्हणजे लिसन, आणि लिसनला शेजारी टू हवाच, 'लिसन मी' होत नाही. पण इथे "मी" आणि "मला" दगा देतात. "मी ऐकलं की ते पुण्याला राहायला गेले" असं आपण म्हणतो, "मी" आहे तरी ही कानावर आलेली बातमी, म्हणून 'आय हर्ड'. "हे गाणं ऐकलंयस का?" हेही 'हॅव यू हर्ड धिस साँग?' तेव्हा व्याकरणापाशीच थांबू नका, मुद्दाम केलं का आपोआप झालं हे विचारा.

आता याच जातीची दोन क्रियापदं, कळणं आणि आठवणं, यांवर मला जरा थांबायचंय कारण यात चांगलं इंग्रजी येणारेही चुकतात.

"मला काल कळलं" याचं 'आय न्यू इट यस्टर्डे' होत नाही, त्याचा अर्थ मला काल माहीत होतं असा निघतो. नो म्हणजे माहीत असणं, ती स्थिती झाली. कळणं ही घटना, त्यासाठी फाइंड आउट. 'आय फाउंड आउट यस्टर्डे.' आपल्याकडे 'केम टू नो' फार चालतं, ते व्याकरणाने चुकीचं नाही, पण फाउंड आउट जास्त सहज वाटतं. आणि "लक्षात आलं" असेल तर बघा की डोळ्यांना दिसलं की मनात प्रकाश पडला. शर्टाचं बटण तुटलंय हे लक्षात आलं, तर नोटिस. आपण स्लोऐवजी फास्ट लोकलमध्ये बसलोय आणि आपलं स्टेशन मागे जाणार हे लक्षात आलं, तर रिअलाइज.

आठवणं: "मला आठवतंय" ला रिमेंबर. "मला आठवण कर" ला रिमाइंड, म्हणून 'रिमेंबर मी टू कॉल हर' चूक आणि 'रिमाइंड मी टू कॉल हर' बरोबर. "तुला बघून आईची आठवण होते" हे 'यू रिमाइंड मी ऑफ माय मदर'. आणि परदेशी गेलेल्या मुलीला आई लिहिते, "तुझी खूप आठवण येते", तिथे रिमेंबर अजिबात नको, तिथे मिस. 'आय मिस यू.' 'आय रिमेंबर यू' म्हणजे तू कोण ते मी विसरलेली नाही, एवढंच.

पायरी २: आपोआप झालं की कुणी केलं?

पडणं-पाडणं, तुटणं-तोडणं, वाढणं-वाढवणं, सुटणं-सोडणं. मराठीत या जोड्या ढिगाने आहेत. इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी दोन्हीला एकच शब्द चालतो, ब्रेक, ओपन, स्टार्ट, चेंज, बर्न हे सगळे तसेच, दार उघडलं तरी ओपन आणि मी उघडलं तरी ओपन. म्हणून जिथे खरोखर दोन वेगळे शब्द आहेत तेवढेच पाठ करायचे.

राइज म्हणजे वाढणं, रेझ म्हणजे वाढवणं. भाव वाढले, 'प्राइसेस रोझ'. कंपनीने भाव वाढवले, 'द कंपनी रेझ्ड प्राइसेस'. ग्लास पडला तर फॉल, माझ्या हातून पडला तर ड्रॉप. लाय म्हणजे आडवं होणं किंवा पडून राहणं, ले म्हणजे आडवं ठेवणं, अंथरणं. या शेवटच्या जोडीत इंग्रजी मातृभाषा असलेलेही गोंधळतात कारण लायचा भूतकाळ ले आहे: लाय, ले, लेन. आणि लेचा भूतकाळ लेड: ले, लेड, लेड. खोटं बोलणं हे तिसरंच लाय, त्याचं लाइड. म्हणजे "ती काल दिवसभर पडून होती" हे 'शी ले इन बेड ऑल डे' आणि "तिने सतरंजी अंथरली" हे 'शी लेड द मॅट ऑन द फ्लोअर'.

काही ठिकाणी उलट आपल्याकडेच शब्द जास्त. तुटणं, फुटणं, मोडणं यातलं बहुतेक सगळं एकट्या ब्रेकमध्ये जातं, काच असो, हाड असो की वचन. फक्त कापड-कागद फाटलं तर टेअर, फुगा किंवा पाइप फुटला तर बर्स्ट, नुसता तडा गेला तर क्रॅक.

पायरी ३: क्रियापदापुढे माणूस येतो का?

हे सगळ्यात लवकर फळ देणारं. टेलला माणूस लागतो: 'टेल मी', 'शी टोल्ड हर ब्रदर'. सेला थेट माणूस चालत नाही, मध्ये टू लागतो: 'से इट टू मी'. मराठीत हा फरक म्हणणं आणि सांगणं यांत बऱ्यापैकी आहे, पण आपण "तो मला म्हणाला" असंही म्हणतो आणि मुंबईकडे तर "तो मला बोलला" हेही सर्रास, त्यामुळे 'ही सेड मी' आणि 'ही टॉक्ट मी' ही दोन्ही वाक्यं इथूनच येतात. 'ही टोल्ड मी' किंवा नुसतं 'ही सेड'. माणसाशिवाय टेल चालतो अशा ठरलेल्या जागा थोड्या आहेत: टेल द ट्रूथ, टेल अ लाय, टेल अ स्टोरी, टेल अ जोक, टेल द टाइम, टेल द डिफरन्स.

स्पीक आणि टॉक हे दोन्ही बोलणंच. भाषेला कायम स्पीक, 'शी स्पीक्स मराठी'. सभेत, कार्यक्रमात, फोनवर अदबीने 'मे आय स्पीक टू' म्हणताना पण स्पीक. गप्पा, दोघांतलं बोलणं, टॉक. बाकी ठिकाणी दोन्ही चालतात, त्यात डोकं घालू नका.

आता सांगणं आणि आस्क. आपण "मी मॅडमना सांगितलं की रजा मंजूर करा" असं सहज म्हणतो, त्यात उद्धटपणा काहीच नसतो कारण अदब "मॅडमना" आणि "करा" मध्ये आली. इंग्रजीत 'आय टोल्ड माय मॅनेजर टू अप्रूव्ह माय लीव्ह' म्हटलं की ती आज्ञा होते, मॅनेजरला मी हुकूम सोडला. तिथे आस्क पाहिजे, 'आय आस्क्ट माय मॅनेजर टू अप्रूव्ह माय लीव्ह'. पुढे टू आणि क्रियापद आलं की टेल म्हणजे आज्ञा, आस्क म्हणजे विनंती, हे डोक्यात पक्कं ठेवा. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतेय कारण व्याकरणाची चूक समोरचा समजून घेतो, पण सुरातली चूक त्याला आपला स्वभाव वाटते. आणि काही मागायचं असेल तर आस्क फॉर, नुसतं आस्क म्हणजे विचारणं.

याच पायरीत आणखी काही येतात, पटापट बघू. समजावून सांग याला 'एक्स्प्लेन मी' नाही, 'एक्स्प्लेन इट टू मी'. 'सजेस्ट मी अ बुक' नाही, 'सजेस्ट अ बुक'. "विषयावर चर्चा केली" यातला "वर" इंग्रजीत न्यायचा नाही, डिस्कसला अबाउट लागत नाही, अबाउट हवाच असेल तर टॉक अबाउट वापरा. तसंच मॅरीला विथ नाही, खोलीत शिरायला एंटर म्हटलं तर इनटू नाही, रीचला टू नाही. पोहोचण्याबद्दल थोडं जास्त: 'रीच्ट स्टेशन' असा मेसेज भारतात कुणालाही कळतो, बाहेर मात्र 'आय ॲम ॲट द स्टेशन', 'आय हॅव अराइव्ह्ड' किंवा घरी पोहोचल्यावर 'आय गॉट होम' असं म्हणतात. अराइव्हला छोट्या जागेसाठी ॲट, शहर-देशासाठी इन.

पायरी ४: पुढचं नाम कुठलं?

इथे खरी मजा आहे आणि खरा अभ्यासही. मराठीत चार-पाच क्रियापदं अशी आहेत की ती कुठल्याही नामाला चिकटतात: करणं, लावणं, काढणं, घालणं, बंद करणं. इंग्रजीत प्रत्येक नाम आपलं क्रियापद ठरवून बसलेलं असतं.

लावणं घ्या. दार लाव, क्लोज. टीव्ही लाव, टर्न ऑन. म्हणजे एकाच "लाव"चे दोन अगदी विरुद्ध शब्द. गाडी लाव, पार्क. झाड लाव, प्लांट. कुलूप लाव, लॉक. अलार्म लाव, सेट. कुकर लाव, पुट ऑन. फोन लाव, कॉल. मोबाइल चार्जिंगला लाव, नुसतं चार्ज. क्रीम लाव, पुट ऑन, आणि ट्यूबवर छापलेलं असेल तर अप्लाय. किती वेळ लावलास, 'यू टुक सो लाँग'. यावर एक युक्ती नेहमी उपयोगी पडते: आधी मराठीतच लावणंच्या जागी दुसरं नेमकं क्रियापद टाका. दार बंद कर, झाड रोप, गाडी उभी कर, बटण दाबून चालू कर. मराठीत एकदा नेमकं झालं की इंग्रजी शब्द लगेच सुचतो.

काढणंचं तसंच. फोटो काढला, टेक. चित्र काढलं, ड्रॉ. बँकेतून पैसे काढले, विथड्रॉ किंवा बोलताना टेक आउट. शर्ट काढला, टेक ऑफ. तिकीट काढलं, बाय किंवा गेट. कर्ज काढलं, टेक आउट अ लोन. नको तो विषय काढला, ब्रिंग अप. उगाच भांडण काढलं, पिक अ फाइट. दात काढला, डेंटिस्टकडे असेल तर पुल आउट. इतक्या अर्थांत रिमूव्ह कुठेकुठे येतो बघा, फार कमी ठिकाणी. रिमूव्ह म्हणजे असलेली गोष्ट तिथून हटवणं, डाग, नाव, गाळ. म्हणून 'रिमूव्ह द फोटो' म्हटलं तर समोरचा फोटो डिलीट करेल.

बंद करणं: दार-खिडकी-पुस्तक यांना क्लोज किंवा शट, शटमध्ये जरा आवाज आणि घाई आहे, खातं किंवा सभा बंद करायची तर क्लोजच. दिवा, पंखा, गॅस, टर्न ऑफ किंवा स्विच ऑफ, 'क्लोज द लाइट' नाही. गाडी रस्त्यात बंद पडली, ब्रोक डाउन. दुकान रात्री बंद झालं तर क्लोज्ड, कायमचं बंद झालं तर क्लोज्ड डाउन. सिगरेट बंद केली, स्टॉप्ट किंवा क्विट, आणि इथे पुढे आयएनजी पाहिजे: 'ही स्टॉप्ट स्मोकिंग'. 'ही स्टॉप्ट टू स्मोक' म्हणजे सिगरेट ओढायला म्हणून तो थांबला, बरोब्बर उलटं.

घालणं: वेअर म्हणजे अंगावर असणं, पुट ऑन म्हणजे घालण्याची क्रिया. "थांब, बूट घालतोय" याला 'आय ॲम वेअरिंग माय शूज' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, घातलेत ना, मग चल की. 'आय ॲम पुटिंग ऑन माय शूज.' मराठीत "घातलेत" आणि "घालतोय" असा फरक आहेच, फक्त तो क्रियापदाच्या रूपात आहे, इंग्रजीत शब्दच बदलतो. बाळाला कपडे घालणं, ड्रेस. जेवायला घालणं, फीड.

आणि करणं, म्हणजे डू की मेक. ढोबळ नियम असा: शेवटी काहीतरी नवीन तयार होऊन समोर येतं तिथे मेक, नुसतं काम पार पाडायचं तिथे डू. चहा, यादी, आवाज, चूक, बेत, निर्णय, वचन, फोन कॉल, हे सगळं आधी नव्हतं आणि मग झालं, म्हणून मेक. होमवर्क, भांडी, व्यायाम, खरेदी, कोर्स, नोकरी, डू. हा नियम पुष्कळ लांबवर नेतो, सगळीकडे नाही. अंथरूण नीट करणं मेक द बेड, उपकार करणं डू अ फेवर, पैसे कमावणं मेक मनी, हे तसेच लक्षात ठेवायचे. 'टेक अ डिसिजन' ब्रिटिश इंग्रजीत चालतं, चूक नाही, 'मेक' जास्त रूढ आहे इतकंच. पण 'डू अ मिस्टेक' कुठेच चालत नाही.

आणि हे विसरू नका की बऱ्याच "करण्यां"ना डू पण नको आणि मेक पण नको. आंघोळ करणं, हॅव अ बाथ किंवा टेक अ बाथ. पार्टी करणं, हॅव अ पार्टी. गुन्हा करणं, कमिट अ क्राइम. लग्न करणं, गेट मॅरिड. "एक काम कर" हे आपण बोलताना वाक्याच्या सुरुवातीला टाकतो, त्याचं 'डू वन थिंग' भारतात खपून जातं पण बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो की कुठलं एक काम, तिथे 'वाय डोन्ट यू' ने वाक्य सुरू केलं की तोच सूर येतो.

पायरी ५: दिशा तपासा, इथे चूक झाली तर अर्थच उलटा होतो

परीक्षा. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतात. इंग्रजीत विद्यार्थी टेक करतो आणि शिक्षक गिव्ह करतात, सरळ उलटं. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यासाठी सिट पण वापरतात, 'सिट ॲन एक्झॅम'. 'आय गेव्ह माय एक्झॅम' भारतात सगळ्यांना समजतं, पण बाहेरच्या विद्यापीठाला अर्ज करताना लिहू नका.

उसनं देणं लेंड, उसनं घेणं बॉरो. आपल्याकडे "उसनं" हा शब्द दोन्हीत तोच राहतो आणि देणं-घेणं बदलतं म्हणून 'कॅन यू बॉरो मी युअर पेन' असं होतं. आपल्याकडे वस्तू येणार असेल तर बॉरो. ब्रिंग-टेकची भीती बाळगायची गरज नाही, आणणं आणि नेणं बहुतेक तसंच्या तसं जुळतं. फक्त कुणाच्या घरून निघताना "येतो हं" म्हणतो ते 'आय विल कम' करू नका, ते निघणं आहे, 'आय शुड गेट गोइंग' असं काहीतरी.

डाउट आणि सस्पेक्ट. आपला "संशय" दोन्हीकडे जातो आणि म्हणून हे धोकादायक आहे. 'आय डाउट ही टुक द मनी' म्हणजे त्याने पैसे घेतले असतील असं मला वाटत नाही. 'आय सस्पेक्ट ही टुक द मनी' म्हणजे त्यानेच घेतले असावेत असं मला वाटतं. एकाच माणसाला एक वाक्य सोडवतं आणि दुसरं अडकवतं. तपासाच्या रिपोर्टमध्ये किंवा एचआरच्या मेलमध्ये हे उलटसुलट झालं तर केवढा घोळ होईल विचार करा.

पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, कॉल ऑफ म्हणजे रद्द करणं. एवढंच.

पायरी ६: कोणाशी बोलताय?

बिगिन आणि कमेन्स, बाय आणि परचेस, आस्क आणि इंटरॉगेट, असे जोड इंग्रजीत इतके का आहेत याला इतिहास आहे. 1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे कित्येक पिढ्या दरबाराची, कायद्याची, वरच्या वर्गाची भाषा फ्रेंच राहिली, चर्चची आणि विद्वानांची लॅटिन होतीच. लोकांच्या तोंडी मात्र जुनी इंग्रजीच. त्यामुळे घरगुती शब्द जुन्या इंग्रजीतले आणि कागदोपत्री शब्द फ्रेंच-लॅटिनमधले अशी विभागणी बरीचशी आजही टिकून आहे. आपल्याला हे परकं वाटायला नको, "विकत घेतलं" आणि "क्रय केले", "सुरू झालं" आणि "प्रारंभ झाला" हे आपल्याकडेही आहेच. "चहाला प्रारंभ करू या का" असं घरात कोणी म्हणत नाही, तसंच चहाला कमेन्स नाही, स्टार्ट. आणि गाडीला बिगिन नाही, मशीन कायम स्टार्टच होतं. शिवाय आस्कच्या जागी इंटरॉगेट टाकला तर तो नुसता जड होत नाही, पोलिसी चौकशी होते.

ऑफिसच्या मेलसाठी काही ठरावीक जागा सांभाळा. "उत्तराची अपेक्षा आहे" हे मराठीत नम्र आहे, पण 'आय एक्स्पेक्ट युअर रिप्लाय' ही ताकीद वाटते. त्याऐवजी 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू', पुढे हिअरिंगच, हिअर नाही. "मागणी केली" याला डिमांड लिहू नका, डिमांडमध्ये टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज आहे, रिक्वेस्ट किंवा आस्क फॉर लिहा. 'प्लीज रिव्हर्ट' आपल्या ऑफिसांत उत्तर द्या या अर्थाने चालतं, बाहेर त्याचा अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं असा घेतात, तेव्हा सरळ रिप्लाय. प्रीपोन, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, हा आपल्या इथला शब्द, मला स्वतःला तो चांगला आणि गरजेचा वाटतो, पण लंडनच्या क्लायंटला 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहिलं तर विचारपूस होणार नाही.

पायरी ७: खात्री कुठे करायची

थिसॉरसमध्ये, म्हणजे जवळच्या अर्थाच्या शब्दांच्या कोशात नाही, निदान आधी नाही. पीटर मार्क रॉजेटचा प्रसिद्ध थिसॉरस 1852 मध्ये आला, तो कल्पनांनुसार शब्द एकत्र ठेवतो, कुठला शब्द कुठे बसतो हे सांगत नाही. ज्याला शब्द माहीत आहे पण ऐन वेळी आठवत नाहीये त्याच्यासाठी तो उत्तम, अनोळखी शब्द उचलायला वाईट.

त्याऐवजी शिकणाऱ्यांसाठी केलेली डिक्शनरी वापरा. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना सहकाऱ्यांबरोबर अशी डिक्शनरी तयार केली, ती तिथे 1942 मध्ये छापली गेली आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढली, तीच आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स. लाँगमनची 1978 मध्ये आली, तिच्यात सगळे अर्थ साधारण 2000 सोप्या शब्दांतच सांगितलेत. कॉलिन्स कोबिल्ड 1987 ची, ती अर्थ पूर्ण वाक्यात देते, त्यामुळे क्रियापदाला कर्ता-कर्म कसं लागतं ते अर्थ वाचतानाच दिसतं. या सगळ्या नेटवर फुकट बघता येतात. उघडल्यावर अर्थ वाचून बंद करू नका, खालची उदाहरणं वाचा, क्रियापदापुढे काय आलंय ते बघा, ऑक्सफर्डमध्ये 'व्हिच वर्ड?' नावाची चौकट दिसली तर ती आधी वाचा, नेमका आपलाच प्रश्न तिथे सोडवलेला असतो.

तरी शंका राहिली तर स्केल नावाची फुकट वेबसाइट आहे, एसकेईएलएल. त्यात क्रियापद टाकलं की त्याच्या आजूबाजूला कुठली नामं येतात त्यांची यादी आणि खऱ्या वापरातली वाक्यं मिळतात. आणखी खोलात जायचं असेल तर अमेरिकन इंग्रजीचा कोका हा भाषासंग्रह, 100 कोटींहून जास्त शब्दांचा. गुगलवर अवतरण चिन्हांत 'मेक अ मिस्टेक' शोधणं हा पण मार्ग आहे, पण चुकीच्या प्रयोगालाही तिथे भरपूर निकाल मिळतात, म्हणून निकालांच्या आकड्यावर जाऊ नका, लिहिलंय कोणी ते बघा.

आणि वहीत शब्द एकटा लिहू नका. "रिमाइंड = आठवण करणे" असं लिहिलं तर पुढच्या वेळी परत अडाल. 'रिमाइंड मी टू', 'रिमाइंड मी ऑफ' असं शेजाऱ्यासकट लिहा आणि समोर आपल्या रोजच्या आयुष्यातलं एक मराठी वाक्य.

सगळ्या पायऱ्या एकत्र कशा चालतात ते एका उताऱ्यावर बघू. समजा लिहायचंय: "काल कळलं की शुक्रवारची मीटिंग पुढे ढकललीय. मी मॅनेजरना फोन लावला आणि सोमवारी ठेवायला सांगितलं. त्या म्हणाल्या, येताना रिपोर्ट घेऊन या. चूक झाली असेल तर आधी बघून घ्या, असंही म्हणाल्या."

कळलं ही घटना, म्हणून 'आय फाउंड आउट यस्टर्डे'. पुढे ढकलली, ऑफिसचं लिखाण आहे म्हणून 'दॅट फ्रायडेज मीटिंग हॅड बीन पोस्टपोन्ड', मैत्रिणीला सांगायचं असतं तर पुट ऑफ. फोन लावला, 'आय कॉल्ड माय मॅनेजर'. सांगितलं, पण वरच्या माणसाला, म्हणून 'अँड आस्क्ट हर टू हॅव इट ऑन मंडे', मीटिंग ठेवणंला कीप नाही, हॅव. पुढचं वाक्य मराठीत "म्हणाल्या" आहे, पण ती सूचना आहे आणि कोणाला दिली तेही आहे, मला, म्हणून से सोडून टेल: 'शी टोल्ड मी टू ब्रिंग द रिपोर्ट'. शेवटी चूक झाली असेल तर, 'इन केस आय हॅड मेड एनी मिस्टेक्स', आणि "बघून घ्या" मधलं बघणं ना सी आहे, ना लुक, ना वॉच, मराठीतच नेमकं करून पाहा, ते तपासणं आहे, म्हणून 'शी ऑल्सो आस्क्ट मी टू चेक इट फर्स्ट'. इथे टेल पण चाललं असतं, त्या साहेबच आहेत. पण त्यांचा सूर मवाळ होता हे कळवायचं असेल तर आस्कच ठेवा.